अडलेलं काम घेऊन बसणाऱ्यांची बैठक कशी चालवावी

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, मी ट्रेनिंगचं काम बघते. २०१६ साली आम्ही आमच्या चौदा मॅनेजर आणि शिफ्ट इनचार्जना दोन दिवस हॉटेलात बसवून 'बदलाचं व्यवस्थापन' शिकवलं. बाहेरून आलेले प्रशिक्षक मन लावून शिकवत होते, जेवणही उत्तम होतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी फेटलिंगचा, म्हणजे ओतलेले नग घासून साफ करणाऱ्या खात्याचा, इनचार्ज माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, सगळं पटलं. पण माझ्या सेकंड शिफ्टची पोरं नवीन गेज हातात घेत नाहीत, त्याचं मी काय करू?"

गेज म्हणजे नगाचं माप बरोबर आहे का ते तपासायचं साधन. माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रशिक्षकांनी आमचं फेटलिंग कधी बघितलंच नव्हतं, त्यामुळे त्यांच्याकडेही नव्हतं. त्या उत्तराच्या सगळ्यात जवळ बसली होती ती बाकीची तेरा माणसं, आणि त्यांना आम्ही दोन दिवस नुसतं ऐकायला लावलं होतं. त्या चहानंतर मी हॉटेलातली ट्रेनिंग कमी केली आणि मॅनेजरांना एकमेकांसमोर बसवायला लागले. पुढे जे लिहिते आहे ते त्या बैठका कशा चालवायच्या याबद्दल. आमच्या चुकाही सांगते, म्हणजे तुमच्याकडे त्या टळतील.

ही पद्धत मी शोधलेली नाही. रेग रेव्हन्स नावाचे इंग्रज गृहस्थ होते. मूळचे पदार्थविज्ञानाचे, केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काम केलेले. १९४० च्या दशकात ब्रिटनच्या कोळसा उद्योगात शिक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी सुचवलं की खाणींच्या मॅनेजरांना प्राध्यापकांपुढे बसवण्यापेक्षा एकमेकांपुढे बसवा, आपापल्या खाणीतल्या अडचणी घेऊन. त्यांचं म्हणणं असं की शिकणं दोन गोष्टींनी होतं. एक, पुस्तकात आधीच असलेलं ज्ञान. दुसरी, नेमका प्रश्न विचारता येणं. पहिलं विकत मिळतं. दुसरं मिळवायला आपल्यासारखीच अडचणीत असलेली माणसं लागतात.

गट पाच-सहा जणांचा ठेवा. आठ झाले की दोघं गप्प राहतात, हे मी तीनदा बघितलं. माणसं साधारण एका पायरीवरची हवीत आणि वेगवेगळ्या खात्यांतली. आमच्या पहिल्या गटात मेल्टिंग, मोल्डिंग, फेटलिंग, क्वालिटी, मेंटेनन्स आणि डिस्पॅचचा एकेक जण होता. गटातला कुणीही गटातल्या दुसऱ्या कुणाच्या हाताखाली नसावा, या नियमाला अपवाद करू नका. साहेब खोलीत असले की आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. माना हलतात, "बरोबर आहे सर" होतं आणि खरी गोष्ट जिन्यावर बोलली जाते.

आमच्या भागातले बरेच कारखाने घरचे आहेत. वडिलांनी शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे सुटे भाग करत सुरू केलेले, मुलांनी एमआयडीसीत वाढवलेले. अशा ठिकाणी 'छोटे मालक' गटात बसवायचे का, हा प्रश्न येतोच. दुसऱ्या एका कारखान्यात गट सुरू करून देताना मी तिथल्या छोट्या मालकांना बसवलं होतं. मुलगा गुणी, शिकायची खरी इच्छा असलेला. पण दोन बैठकांत बाकीच्या पाच जणांनी ज्या अडचणी मांडल्या त्या सगळ्या यंत्रांच्या होत्या. माणसाबद्दल कुणी एक शब्द काढेना. शेवटी त्यांना वेगवेगळ्या कारखान्यांतल्या तरुण मालकांच्या गटात बसवलं आणि तिथे ते मोकळेपणानं बोलले. मोठ्या मालकांना मात्र पहिल्या दिवशी जरूर बोलवा. "इथे जे बोललं जाईल ते मी विचारणार नाही," एवढं त्यांनी सगळ्यांसमोर म्हणावं आणि चहा घेऊन जावं.

आमची बैठक दर तीन आठवड्यांनी, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर साडेतीन ते पावणेसहा. एका गटाच्या आठ बैठका. जागा कँटीनच्या वरची खोली, कारण कॉन्फरन्स हॉलमध्ये बसलं की लोक रिपोर्ट द्यायला लागतात. टेबल लहान घ्या. मोबाइल एका डब्यात, आणि भट्टीजवळच्या माणसाला सांगून ठेवायचं की खरंच आग लागली तरच वर यावं. पहिल्या दोन बैठकांत कुणाला ना कुणाला खाली बोलावलं जाईलच. जाऊ देऊ नका. तो नसताना शॉप चाललं, हे त्यालाही कळणं गरजेचं असतं.

कोणती अडचण आणायची, हे ठरवायला आम्हाला वेळ लागला. रेव्हन्स कोडं आणि पेच यांत फरक करायचे. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या नगात, ब्लो होल (हवेची पोकळ भोकं) का येतात, हे कोडं. उत्तर आहे, फक्त जाणकाराला विचारायला हवं. नवीन गेज पोरं हातात घेत नाहीत, हा पेच. शहाणी माणसं त्यावर वेगवेगळं सांगतील आणि प्रत्येकाचं थोडं खरं असेल. बैठकीला पेच आणायचा. तो आणणाऱ्याचा स्वतःचा असावा, आत्ता चालू असावा, त्यात माणसं असावीत आणि त्याला स्वतःला काहीतरी करता येण्याजोगा असावा. "मॅनेजमेंटनं पगार वाढवले पाहिजेत" ही मागणी झाली. ती रास्त असेल, पण टेबलावरच्या सहा जणांच्या हातात ती नाही. आणणाऱ्याला मी एकच वाक्य लिहून आणायला सांगते: 'मला अमुक व्हायला हवं आहे, आणि ते होत नाही.'

आता बैठकीचा गाभा. एका बैठकीत दोघांचे पेच, प्रत्येकाला साधारण पन्नास मिनिटं. पहिली दहा मिनिटं तो सांगतो, मध्ये कुणी बोलत नाही. पुढची पंचवीस मिनिटं फक्त प्रश्न. सल्ला नाही, अनुभव नाही, "आमच्याकडे पण असंच झालं होतं" नाही. मग पाच मिनिटं सगळे शांत. तो आपल्या वहीत लिहितो. उरलेल्या वेळात तो सांगतो की आपल्याला आता काय दिसतंय आणि पुढच्या बैठकीपर्यंत आपण नेमकं काय करणार.

पंचवीस मिनिटं सल्ला न देणं ही मॅनेजरसाठी फार अवघड गोष्ट आहे. आपल्याला बढती मिळते तीच उत्तरं देतो म्हणून. त्यामुळे सल्ला प्रश्नाचे कपडे घालून येतो. "तुम्ही त्यांना एकत्र बोलावून समजावलं का?" शेवटी प्रश्नचिन्ह आहे, पण हा सल्लाच. ओळखायची खूण सोपी आहे: विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असेल तर तो प्रश्न नाही. असं झालं की मी हात थोडा वर करते, बोलत नाही. तिसऱ्या बैठकीपर्यंत ते एकमेकांनाच हात दाखवायला लागतात.

फेटलिंगच्या गेजची गोष्ट पूर्ण सांगते, म्हणजे प्रश्न काय करतो ते दिसेल. इनचार्जनं मांडलं ते असं: ग्राइंडिंगनंतर प्रत्येक नग गेजला लावून बघायचा, फर्स्ट शिफ्ट करते, सेकंड शिफ्ट करत नाही, समजावलं, ओरडलो, बोर्ड लावला, पोरं आळशी आहेत. क्वालिटीच्या मॅडमनी विचारलं, "गेज असतं कुठे?" म्हणाला, टेबलावर. "टेबल ग्राइंडरपासून किती लांब?" पंधरा-वीस पावलं. डिस्पॅचवाल्यानं विचारलं, "दोन्ही शिफ्टमध्ये माणसं तीच का?" नाही, फर्स्टला बरीचशी कायम, सेकंडला बहुतेक ठेकेदाराची. मग मेंटेनन्सवाले, जे तोवर गप्प होते, त्यांनी विचारलं, "ठेकेदार पोरांना पैसे कशावर देतो?"

तो थांबला. नगावर, म्हणाला. मग बराच वेळ काही बोलला नाही. पंधरा पावलं जायचं, लावायचं, परत यायचं, आणि त्या वेळाचे पैसे शून्य. वर नग बाद निघाला तर त्याचेही गेले. ही सगळी माहिती त्याच्याकडे गेली तीन वर्षं होती. ती त्यानं कधी एका ओळीत मांडली नव्हती, कारण 'आळशी' या शब्दानं त्याचं काम भागत होतं.

इथे, आणि इथेच, मी दहा मिनिटं पुस्तक उघडते. माणूस दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधतो आणि त्याच्यावर असलेली परिस्थिती त्याला दिसत नाही. या चुकीला ली रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली नाव दिलं. हीच गोष्ट हॉटेलातल्या स्लाइडवर होती आणि कुणाला आठवत नव्हती. त्या दिवशी खोलीतल्या प्रत्येकानं आपापल्या शॉपमधला एक 'आळशी' माणूस आठवून बघितला. माझा क्रम तेव्हापासून ठरला: आधी प्रसंग, मग प्रश्न, मग सिद्धांत, तोही एका पानावर आणि मराठीत.

इनचार्जनं पुढच्या तीन आठवड्यांत गेज ग्राइंडरच्या शेजारी आणलं आणि ठेकेदाराशी बोलून तपासायला रोजावर एक माणूस लावून घेतला. बाद माल कमी झाला, संपला नाही. शिवाय तपासणारा आणि घासणारे यांच्यात नवा वाद सुरू झाला. तो वाद घेऊन तो चौथ्या बैठकीला आला.

दुसरा एक व्यायाम जरूर घ्या. अमेरिकेतले ख्रिस आर्जिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी तो वापरात आणला. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारायची. उजवीकडे एखाद्या अवघड संभाषणात प्रत्यक्ष जे बोललं गेलं ते. डावीकडे त्या वेळी आपल्या मनात होतं पण बोललो नाही ते. मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्या खात्याच्या, तरुण इंजिनिअरनं एका जुन्या मिस्त्रींशी झालेलं बोलणं लिहून आणलं होतं. मिस्त्री त्याच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे, सगळे त्यांना मामा म्हणतात.

उजवीकडे: "मामा, उद्यापासून वाळूची टेस्ट दर दोन तासांनी लिहायची." डावीकडे: हे ऐकणार नाहीत. उजवीकडे: "बघू की साहेब." डावीकडे: म्हणजे नाही. उजवीकडे: "बघू नका, कराच." डावीकडे: माझा आवाज चढला, आता सगळे बघताहेत. उजवीकडे: "हो साहेब." डावीकडे: झालं, आता हे कधीच करणार नाहीत.

गटानं तो कागद मोठ्यानं वाचला आणि कुणीतरी विचारलं, "डावीकडचं पहिलं वाक्य तू मामांना सांगितलंस तर काय होईल?" पुढच्या वेळी त्यानं सांगितलं. मामांना बाजूला घेऊन म्हणाला, "मला वाटतंय तुम्हाला हे पटलेलं नाही, आणि का ते मला कळत नाही." मामा म्हणाले, वाळू हातात घेतली की मला ओल कळते, मी वहीत लिहिलं की उद्या तुम्ही माझ्या हातापेक्षा वहीवर विश्वास ठेवाल. हे भय खरं होतं. उत्तर असं निघालं की मामांनी आधी हातानं अंदाज सांगायचा, मग टेस्ट घ्यायची आणि दोन्ही लिहायचं. वाळू ओळखणं नव्या पोरांना शिकवायला पुढे तीच वही कामी आली.

आपल्या बोलण्यात 'बघू', 'करतो की', 'हो साहेब', 'अडचण काही नाही' ही नकाराची सभ्य रूपं आहेत. परदेशी पद्धत जशीच्या तशी आणली की 'विरोध' म्हणजे उघड विरोध असं धरलं जातं. आपल्याकडे विरोध होकाराच्या आवाजात येतो. म्हणून प्रत्येक गटाला मी पहिल्याच बैठकीत आपापल्या शॉपमध्ये ऐकू येणाऱ्या अशा होकारांची यादी करायला लावते. फळा भरतो.

बदलाचा पेच असेल तर कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाची आकृती फळ्यावर काढा. मधे आडवी रेघ म्हणजे आजची स्थिती. खालून वर ढकलणारे बाण, वरून खाली दाबणारे बाण. आमच्या मेल्टिंगला दर हीटची, म्हणजे भट्टीतल्या प्रत्येक वितळणीची, नोंद वहीऐवजी टॅबलेटवर करायची होती आणि ती होत नव्हती. ढकलणारे बाण पटकन निघाले: मालकांचा आदेश, ग्राहकाचं ऑडिट, मॅनेजरचा तगादा. मॅनेजरनं तगादा आणखी वाढवायचं ठरवलंच होतं. मग दाबणारे बाण विचारले. हातमोज्यात स्क्रीन चालत नाही, आणि भट्टीसमोर हातमोजे काढता येत नाहीत. स्क्रीन इंग्रजीत आहे. वहीत शिफ्टच्या शेवटी एकदम चार नोंदी करता यायच्या, टॅबलेटवर वेळ उमटते आणि त्यावरून बोलणी बसतील असं वाटतं.

ढकलणं वाढवलं की दाबही वाढतो, आणि मधल्या माणसाचा जीव जातो. दाबणारा एक बाण काढला की रेघ आपोआप वर सरकते. टॅबलेट भट्टीपासून लांब, कंट्रोल पॅनेलजवळ गेला, स्क्रीन मराठीत झाली. तिसऱ्या बाणासाठी मॅनेजरला स्वतः जाऊन सांगावं लागलं की पहिले तीन महिने उशिराच्या नोंदीबद्दल कुणालाही बोलणार नाही. तो शब्द त्यानं पाळला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

चर्चा कशाला, सरळ सांगून होत नाही का, असं मालक विचारतात. त्यांना मी लेविन यांचाच दुसऱ्या महायुद्धातला प्रयोग सांगते. अमेरिकेत मांसाची टंचाई होती आणि गृहिणींनी जनावराचं काळीज, गुर्दे असं घरात न शिजणारं मांस वापरावं असं सरकारला वाटत होतं. काही गटांना उत्तम व्याख्यान दिलं. काही गटांना आपापसात बोलून स्वतः ठरवायला लावलं. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी पूर्वी कधी न केलेलं असं मांस घरी केलं. चर्चा करून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्के बायकांनी. आणि हे अमेरिकेतच होतं असं नाही. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस आले. नवीन स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन सुधारत नव्हतं, कारण एकेक माणूस एकेका तुकड्याच्या कामाला जुंपलेला होता. मागांचा एक समूह एका छोट्या गटाकडे पूर्ण सोपवावा, अशी कल्पना राइस यांनी मांडली, आणि गट कसे पाडायचे ते कामगारांनी व सुपरवायझरांनीच ठरवलं.

गुप्ततेबद्दल माझी एक चूक सांगते. दुसऱ्या गटाच्या वेळी मी महिन्याच्या रिपोर्टमध्ये एक ओळ लिहिली, की एका शॉपमध्ये ओव्हरटाइमच्या वाटपावरून नाराजी आहे. नाव लिहिलं नव्हतं. पण शॉप किती आहेत? चार दिवसांत संबंधित मॅनेजरला वरून फोन गेला. पुढच्या बैठकीला सहापैकी तिघं आले. मी प्रत्येकाकडे त्याच्या शॉपमध्ये जाऊन माफी मागितली, तरी तो गट पुन्हा उभा राहिला नाही. तेव्हापासून माझ्या रिपोर्टमध्ये फक्त तारीख आणि हजेरी असते. बाहेर काय सांगायचं, हे ज्याचा पेच त्यानं ठरवायचं. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चालणाऱ्या गटांत औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या सापडल्या. तिथे चूक सांगण्याची भीती कमी होती, त्यामुळे ती कागदावर येत होती. मी ती ओळ लिहून नेमकी हीच भीती परत आणली होती.

बैठक चालवणाऱ्यानं कमी बोलावं. मी वेळ बघते, सल्ल्याला हात दाखवते आणि शांतता मोडू देत नाही. जास्त बोलणारा असेल तर त्याला पहिल्या फेरीत प्रश्न लिहून ठेवायला सांगते, शेवटी त्यातला एकच विचारायचा. गटात एकटी बाई असेल तर लिहून घ्यायचं काम आपोआप तिच्याकडे सरकतं. आमच्या क्वालिटीच्या मॅडमच्या बाबतीत तसं झालं आणि माझ्या ते दुसऱ्या बैठकीत लक्षात आलं. आता वही दर वेळी दुसऱ्याकडे जाते. पाचव्या बैठकीपासून मी खोलीबाहेर बसते, सहाव्यापासून येत नाही.

प्रत्येक बैठकीची सुरुवात मागच्या वचनापासून करा. "काय करणार होता, काय केलं, काय झालं?" केलं नसेल तर रागावू नका, तोच नवा पेच घ्या. डिस्पॅचवाला सलग दोनदा म्हणाला, एका ड्रायव्हरशी बोलायचं राहिलं. तिसऱ्या वेळी कुणीतरी हळूच विचारलं, "तो ड्रायव्हर कोण आहे?" त्याच्या मोठ्या भावाचा मेव्हणा निघाला. त्या दिवशीचा सगळा वेळ नात्यातल्या माणसाला कामावर बोलायचं कसं यावर गेला. ते कुठल्याही ट्रेनिंगच्या विषयसूचीत मी कधी बघितलेलं नव्हतं.

आठवी बैठक झाली की मार्कांचे फॉर्म वाटू नका. प्रत्येकाला विचारा की या सहा महिन्यांत तुझ्या शॉपमध्ये काय वेगळं व्हायला लागलं, आणि ते तुझ्याखेरीज कुणाला दिसलंय. मग खाली जाऊन त्या 'कुणाला' तरी भेटा. मी फेटलिंगला गेले होते तेव्हा सेकंड शिफ्टचा एक मुलगा म्हणाला, "साहेब आता आधी विचारतात." बोलता बोलता त्यानं नग गेजला लावून बघितला आणि पुढच्या ट्रॉलीत टाकला.